एक जोड, चार दुकानं

प्रश्न : कोल्हापुरात आमचं चपलांचं घरचं काम आहे. सासरे आणि दीर चपला बनवतात, विक्री मी बघते. दुकान आहेच, शिवाय दोन मोठ्या पोर्टलांवर, आमच्या छोट्या वेबसाइटवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात. दिवाळीच्या आधी एकच जोड दोन ठिकाणी विकला गेला आणि एका गिऱ्हाइकाची ऑर्डर मला रद्द करावी लागली. ओळखीच्या एका व्यापाऱ्यांनी सांगितलं की ई-कॉमर्स मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्या, सगळं एका जागी दिसेल. हे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी नेमकं करते काय? माझ्या एक्सेलमध्ये नाही असं तिच्याकडे काय आहे? आणि ती पैसे कशाचे घेते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा तो जोड दोनदा विकला गेला, कारण तो फळीवर एकदा होता आणि नोंदीत चारदा. दुकानाच्या वहीत 'शिल्लक १', दोन्ही पोर्टलांवर 'शिल्लक १', वेबसाइटवरही 'शिल्लक १'. एका ठिकाणी तो गेला आणि उरलेल्या तीन ठिकाणी तुम्ही शून्य करेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाने पैसे भरून टाकले. या कंपन्यांचं मूळ काम एवढंच आहे. त्या चारही आकड्यांवर विसंबायचं नाही, पाचवा आकडा आपल्याकडे ठेवायचा, तोच खरा धरायचा आणि बाकी चौघांना त्याच्याप्रमाणे चालायला लावायचं. लेबल छापणं, बिल बनवणं, कुरियर बोलावणं, अहवाल काढणं ही सगळी कामं त्याच्या मागून येतात. विक्रीला येणारी माणसं आधी रंगीत आलेख दाखवतात. तुम्ही आधी तो आकडा बघा.

रद्द झालेली एक ऑर्डर किरकोळ वाटते, पण लहान विक्रेत्याला ती किरकोळ नसते. अमेझॉनच्या नियमाप्रमाणे विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या खाली राहावं लागतं आणि ते सात दिवसांच्या काळावर मोजलं जातं. आठवड्याला दोन हजार ऑर्डरी असणाऱ्याच्या चाळीस रद्द झाल्या तरी तो दोन टक्क्यांवर, म्हणजे मर्यादेच्या आत असतो. आठवड्याला वीस ऑर्डरी असणाऱ्या घरची एक जरी रद्द झाली तरी पाच टक्के होतात. चूक तीच, पण तुमच्या खात्यावर तिचा डाग कितीतरी मोठा दिसतो. हे सॉफ्टवेअर मोठ्यांचं काम, आपल्याला काय करायचंय, असं अनेक घरगुती विक्रेते म्हणतात. मला ते पटत नाही, ते या हिशेबामुळे.

या धंद्यात ढोबळपणे दोन प्रकारच्या कंपन्या आहेत आणि त्यांच्यात गल्लत होते. पहिली तुम्हाला दुकान थाटून देते. कॅनडाची शॉपिफाय हे तिचं सगळ्यात ठळक उदाहरण. जर्मनीहून ओटावाला येऊन स्थायिक झालेला प्रोग्रामर टोबियास ल्युटके याने २००४ मध्ये स्कॉट लेक या जोडीदाराबरोबर स्नोडेव्हिल नावाचं बर्फावर घसरायच्या फळ्या विकणारं ऑनलाइन दुकान काढलं. बाजारात मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअरं त्याला पसंत पडेनात, म्हणून त्याने तेव्हा नव्यानेच आलेल्या रुबी ऑन रेल्सवर स्वतःचं लिहिलं. फळ्यांपेक्षा त्या सॉफ्टवेअरलाच जास्त मागणी येईल हे ध्यानात आलं आणि २००६ मध्ये शॉपिफाय सुरू झाली. स्वतःच्या दुकानाची अडचण सोडवायला लिहिलेलं हे सॉफ्टवेअर होतं आणि त्याचा गुण अजून टिकून आहे, असं मला वाटतं.

तुमचं दुकान मात्र आधीच थाटलेलं आहे, तेही चार ठिकाणी. तुम्हाला हवी आहे दुसऱ्या प्रकारची कंपनी, चारही दुकानं एका जागेवरून सांभाळून देणारी. भारतात या प्रकारातलं मोठं नाव म्हणजे २०१२ मध्ये दिल्लीत सुरू झालेली युनिकॉमर्स आणि तिचं युनिवेअर हे सॉफ्टवेअर. २०१२ हे साल योगायोगाचं नाही. स्नॅपडील तेव्हा जोरात होती, पुढच्याच वर्षी फ्लिपकार्टने बाहेरच्या विक्रेत्यांना आपल्या पोर्टलवर जागा दिली आणि अमेझॉन भारतात उतरली. त्यामागे कायद्याचंही कारण आहे. परकीय भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला भारतात सर्वसाधारणपणे स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. तिने बाजार भरवायचा, विकायचं दुसऱ्यांनी. केंद्र सरकारने हे २०१६ मध्ये लेखी स्पष्ट केलं आणि फेब्रुवारी २०१९ पासून नियम आणखी आवळले. त्यामुळे आपल्याकडे माल पोर्टलच्या मालकीचा नसतो, लाखो वेगवेगळ्या विक्रेत्यांचा असतो. प्रत्येकाचा माल वेगळा आणि मोजदाद वेगळी. हीच माणसं एकाच वेळी तीन-चार पोर्टलांवर उभी असतात. ही मोजदाद जुळवणं हाच मग एक धंदा झाला.

आता तुमच्या एक्सेलकडे येऊ. एक्सेल वाईट नाही; पुष्कळांचे धंदे त्यावर उभे राहिलेत. पण ते कुठे अपुरं पडतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

पहिली अडचण नावांची. समजा, तुमच्याकडे कापशी, पायताण असे बारा प्रकार आहेत, प्रत्येकाचे तीन रंग आणि सात मापं. बारा गुणिले तीन गुणिले सात, म्हणजे दोनशे बावन्न वेगवेगळ्या वस्तू झाल्या. त्यातल्या प्रत्येकीला अमेझॉन स्वतःचा एक क्रमांक देते, फ्लिपकार्ट दुसरा, तुमची वेबसाइट तिसरा. तुम्ही घरात त्याच वस्तूला 'तपकिरी कापशी आठ नंबर' म्हणता. एकाच वस्तूची चार नावं, दोनशे बावन्न वेळा. सॉफ्टवेअर बसवताना सर्वात जास्त वेळ यातच जातो. तुमचा स्वतःचा एक कोड ठरवायचा, त्याला या धंद्यात एसकेयू म्हणतात, आणि बाकी सगळे क्रमांक त्याला जोडायचे. हे काम कंटाळवाणं आहे. ते घाईत उरकलं की आठ नंबरच्या ऑर्डरीवर नऊ नंबरचा साठा कमी होत राहतो आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. कंपनीचा माणूस 'आम्ही एका दिवसात जोडून देतो' म्हणाला तरी या कामाला स्वतः बसा. कापशी कोणती आणि पायताण कोणतं, हे त्याला फोटोवरून कळणार नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि सॉफ्टवेअरची खरी कारागिरी इथे दिसते. साठ्यातून एक नग कमी करणं म्हणजे दोन कामं आहेत: आधी 'किती उरलेत' हे वाचायचं, मग एक वजा करून लिहायचं. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाईंनी एकच एक्सेल दोन फोनवर उघडलं, दोघींनी एकाच वेळी '१' वाचला आणि दोघींनी '०' लिहिला, तर कागदावर हिशेब बरोबर आहे आणि जोड दोघांना विकला गेला आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन कामं तोडता येत नाहीत. 'उरला असेल तरच वजा कर' हे एकाच झटक्यात होतं, मध्ये दुसऱ्या कुणाला शिरता येत नाही, आणि मागून आलेल्याला नकार मिळतो. गिऱ्हाइकाने जोड कार्टात टाकला म्हणून तो त्याच्यासाठी राखला जातो असंही नाही. बहुतेक ठिकाणी खरा निकाल पैसे भरण्याच्या पायरीवर लागतो.

पण हा झटका सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या घरात चालतो. पोर्टल दुसऱ्याचं आहे. तिथे ऑर्डर आली हे सॉफ्टवेअरला कळायला हवं आणि नवा आकडा तिथे पोहोचायला हवा. काही पोर्टलं ऑर्डर आली की आपणहून निरोप धाडतात, काहींना दर थोड्या वेळाने 'नवीन काही आलं का' असं विचारावं लागतं. त्या अंतरात जोड दुसरीकडे विकला जाऊ शकतो. म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर हा धोका शून्यावर आणत नाही. 'आमच्याकडे असं कधीच होत नाही' असं जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जाणता माणूस तुम्हाला बफर लावायला सांगेल: तुमच्याकडे तीन जोड असतील तर पोर्टलांना दोनच दाखवायचे, आणि शेवटचा जोड फक्त एकाच ठिकाणी विक्रीला ठेवायचा. त्याने एखादी विक्री हुकेल, पण त्या अडीच टक्क्यांच्या कात्रीत तुम्ही सापडणार नाही. लहान विक्रेत्याने हा सौदा करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट शिल्लक मालाची. वर मी एकच खरा आकडा म्हणालो, पण त्याच्या पोटात चार-पाच आकडे असतात. फळीवर आहेत ते. ऑर्डरला बांधले गेले पण अजून पाठवले नाहीत ते. पैशांची खात्री होईपर्यंत 'पेंडिंग' दिसणाऱ्या ऑर्डरीत अडकलेले. ते पाठवायचे नसतात आणि विकायचेही नसतात. परतीच्या वाटेवर असलेले. आणि परत आले पण तळ मळलेला, म्हणून पुन्हा विकता न येणारे. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीमुळे दारातूनच परत फिरणाऱ्या ऑर्डरी, ज्यांना सगळे आरटीओ म्हणतात, चपला-कपड्यांच्या धंद्याला चांगल्याच भोवतात. परत आलेलं पाकीट स्कॅन झालं की नग आपोआप साठ्यात जमा होतो, की कुणीतरी उघडून, पाहून, 'चांगला आहे' म्हणेपर्यंत बाजूला राहतो? सॉफ्टवेअर निवडताना हा प्रश्न मी सर्वात आधी विचारेन. पहिला प्रकार असेल, तर कुणीतरी वापरून परत केलेला जोड नव्या गिऱ्हाइकाकडे जायला वेळ लागणार नाही.

लेबल, बिलं, पिकअपच्या याद्या यांवर फार लिहीत नाही. ते सगळेच बरं करतात. पैशांच्या ताळ्याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. बाराशे रुपयांचा जोड विकला की खात्यात बाराशे येत नाहीत. कमिशन, वाहतूक, इतर शुल्कं आणि त्या सगळ्यांवरचा जीएसटी जातो. शिवाय दोन सरकारी कपाती असतात. जीएसटी कायद्याखालची टीसीएस १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाली, आणि आयकराची टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का. बाराशेच्या जोडावर टीसीएस पाच-सहा रुपयेच होते, पण ते पैसे तुमचे आहेत. जीएसटीच्या पोर्टलवर ते तुमच्या खात्याला जमा करून घ्यावे लागतात आणि त्यासाठी विक्रीच्या नोंदींशी ताळा जुळावा लागतो. वर्षभराच्या ऑर्डरींचा हा ताळा हाताने लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रात्री अकरानंतर, घरातलं सगळं उरकून, त्या हे करत बसतात. ते काम यंत्राकडे गेलं तर मला मनापासून आनंद होईल. दर बदलतात तेव्हाही असंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांना पाच टक्के जीएसटी झाला आणि त्यावरच्यांना अठरा. यादी एका जागी असेल तर हा बदल एकदा करून भागतो. चार ठिकाणी विखुरलेली असेल तर चारदा करावा लागतो आणि एखादं ठिकाण हमखास राहून जातं.

मग कंपनी पैसे कशाचे घेते? गणिताचे नाही, एकातून एक वजा करायला फार अक्कल लागत नाही. तुम्ही पैसे देता ते तुमच्या साठ्यापासून प्रत्येक पोर्टलपर्यंतचे पूल बांधण्याचे, आणि त्याहून जास्त ते दुरुस्त ठेवण्याचे. पोर्टलं आपली दारं बदलत असतात. अमेझॉनने बाहेरच्या सॉफ्टवेअरांसाठीची जुनी एमडब्ल्यूएस ही सोय बाजूला सारून २०२० मध्ये नवी आणली आणि २०२४ मध्ये जुनी बंद केली. अमेझॉनशी जोडणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपला तो भाग नव्याने लिहावा लागला. तुमच्या भाच्याने हौसेने लिहून दिलेला प्रोग्राम असता तर तो त्या दिवशी मुका झाला असता, आणि भाचा तोवर नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला असता.

आकारणीच्या दोन रीती आहेत: महिन्याचं ठरावीक भाडं, किंवा दर ऑर्डरमागे काही पैसे-रुपये. युनिकॉमर्सची मुख्य कमाई ऑर्डरींच्या संख्येशी बांधलेली आहे. २०२३-२४ मध्ये तिचं उत्पन्न सुमारे १०४ कोटी रुपये होतं. शॉपिफायची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०२४ मध्ये तिला ८.८८ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश सॉफ्टवेअरच्या भाड्याचे नव्हते. ते दुकानदारांच्या विक्रीच्या पैशांची देवघेव आणि तशा सेवांमधून आले. म्हणजे दोन्हीकडे तुमची विक्री वाढली की त्यांची कमाई वाढते. यात वावगं काही नाही, उलट तुमचं दुकान चालावं ही त्यांचीही गरज ठरते. पण करार करताना एक विचारून घ्या: रद्द झालेली किंवा दारातून परत आलेली ऑर्डर मोजणीत धरता का? धरत असतील तर गणपती ते दिवाळी या काळातलं बिल तुम्हाला दचकवेल.

तुम्हाला हे सॉफ्टवेअर लागेल का, याचं उत्तर बहुतेक जण 'रोज इतक्या ऑर्डरी झाल्या की घ्या' असं देतात. मला हे मोजमाप चुकीचं वाटतं. एकाच पोर्टलवर रोज शंभर ऑर्डरी येत असतील तर त्या पोर्टलच्या स्वतःच्या पडद्यावर काम भागतं. चार ठिकाणी मिळून रोज आठच येत असतील पण वस्तू अडीचशे असतील, तर भागत नाही. ठिकाणं किती आणि मापा-रंगांसह वस्तू किती, हे मोजा. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे गेलेल्या दिसता. फक्त एक लक्षात घ्या. दुकानात रोखीने गेलेला आणि व्हॉट्सॲपवर तोंडी ठरलेला जोड सॉफ्टवेअरला आपोआप कळणार नाही. सासऱ्यांनी दुपारी फळीवरून जोड काढून दिला आणि नोंद रात्री झाली, तर मधले सहा तास तो पोर्टलांवर विक्रीला आहेच. दुकानाच्या गल्ल्यापाशी बारकोड वाचणारं एक साधं यंत्र आणि 'जोड हातातून सुटायच्या आधी नोंद' एवढी सवय, यावर बाकी सगळं उभं आहे. ती सवय सासऱ्यांना लावणं कंपनीच्या हातात नाही, तुमच्याच आहे.

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये मसाले विकतो आणि वर्षभर असं एक सॉफ्टवेअर वापरतो आहोत. काम छान चालतं. पण धास्ती वाटते की उद्या ती कंपनीच विकली गेली किंवा बंद पडली तर? आणि आमच्या विक्रीचे सगळे आकडे तिच्याकडे आहेत, त्यांचं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : धास्ती अनाठायी नाही, असं घडलेलं आहे. सिंगापूरची ट्रेडगेको ही २०१२ साली निघालेली कंपनी, लहान धंद्यांचा साठा आणि ऑर्डरी सांभाळण्यात नावाजलेली. २०२० मध्ये तिला इंट्युइट या अमेरिकी कंपनीने विकत घेतलं, तिचं नाव बदलून क्विकबुक्स कॉमर्स केलं आणि २०२२ मध्ये जुन्या ग्राहकांची ती सेवा बंद केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टिच लॅब्जचं तसंच झालं: २०२० मध्ये स्क्वेअरने घेतली, २०२१ मध्ये सॉफ्टवेअर बंद. सामान मोठ्याच्या घरी ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. अमेझॉन विक्रेत्यांना स्वतंत्र दुकान थाटून देणारी वेबस्टोअर नावाची सेवा चालवत होती. ती बंद करणार असल्याचं तिने २०१५ मध्ये सांगितलं आणि दुकानदारांना शॉपिफायकडे जायचा रस्ता दाखवला.

या तिन्ही वेळी सूचना आधी मिळाली होती, माल कुणाचा बुडाला नाही. खर्ची पडले ते महिने. वस्तूंची यादी, कोडांची जोडणी, जुन्या ऑर्डरींचा इतिहास, पुरवठादारांचे दर हे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं, आणि तेही धंदा चालू ठेवून. ज्यांच्याकडे यादी स्वतःच्या फाइलमध्ये होती त्यांना ते जमलं असणार. ज्यांची यादी फक्त त्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती त्यांचे हाल झाले असणार. म्हणून दर महिन्याला तीन गोष्टी साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरवून घ्या आणि आपल्या संगणकावर ठेवा: कोडांसकट वस्तूंची पूर्ण यादी, त्या दिवशीचा साठा, आणि महिन्याभराच्या ऑर्डरी. तुमच्या मसाल्यांच्या बाबतीत बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीखही त्यात असू द्या. ती हरवली तर कोणतं पाकीट आधी काढायचं हे गोदामात हाताने शोधत बसावं लागेल. फाइल उतरवून घेण्याची सोय नसेल किंवा त्यासाठी वेगळे पैसे पडत असतील, तर दुसरं सॉफ्टवेअर बघायला लागा.

आकड्यांबद्दलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशी कंपनी एका विक्रेत्याची सगळ्या पोर्टलांवरची विक्री एकत्र पाहते. एकट्या पोर्टललाही तेवढं दिसत नाही. स्नॅपडीलने मार्च २०१५ मध्ये युनिकॉमर्स विकत घेतली तेव्हा एका पोर्टलच्या घरात अशी कंपनी आली, जिचे ग्राहक त्या पोर्टलच्या स्पर्धकांकडेही माल विकत होते. युनिकॉमर्स पुढे स्वतंत्रपणे चालत राहिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. प्रवर्तक मात्र आजही स्नॅपडीलची मूळ कंपनी, जिचं आताचं नाव एसव्हेक्टर आहे. मी कुणावर संशय घेत नाही. ग्राहकाने मालकी कुणाची हे माहीत करून घ्यावं, एवढंच म्हणतो. शेअर बाजारात असलेल्या कंपनीचे हिशेब दर तिमाहीला उघड होतात, तेव्हा तिची प्रकृती तुम्हाला आधीच कळू शकते. नोंदणी नसलेल्या छोट्या कंपनीला हे तोंडीच विचारावं लागतं. करारात दोन वाक्यं शोधा: तुमच्या विक्रीची माहिती ती कुणाला आणि कोणत्या रूपात देऊ शकते, आणि तुम्ही सोडून गेल्यावर ती किती दिवसांत पुसते.

प्रश्न : आमच्या येवल्याच्या पैठण्या, प्रत्येक नग वेगळा. पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांना शंभरेक साड्या घेऊन जातो. तेव्हा वेबसाइटवरचं काय करायचं?
— एक वाचक, येवला

उत्तर : एकेकच नग असला की बफर लावता येत नाही, म्हणून तुमची पद्धत वेगळी हवी. यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरांमध्ये एकाहून जास्त गोदामं नोंदवता येतात. 'प्रदर्शन' नावाचं एक गोदाम करा आणि त्याला कुठल्याही पोर्टलशी किंवा वेबसाइटशी जोडू नका. गाडी भरताना प्रत्येक साडीचा बारकोड वाचून ती घरच्या गोदामातून 'प्रदर्शना'त हलवा. त्या क्षणी ती वेबसाइटवरून उतरते. हे गाडी निघायच्या आधी करायचं, पुण्याला पोहोचल्यावर नाही. जत्रेत विकलेली साडी 'प्रदर्शना'तूनच बिलात काढायची, न विकलेल्या घरी आणल्यावर घडी उलगडून, डाग-सुरकुती पाहून मग घरच्या गोदामात परत घ्यायच्या. जत्रेच्या दिवसांत वेबसाइटवर दुकान अगदीच रिकामं दिसू नये म्हणून वीस-पंचवीस साड्या मुद्दाम घरी ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांची यादी घरी मागे राहणाऱ्यांच्या हातात द्या. ऑर्डर आल्यावर साडी पॅक करून कुरियरला तेच देणार आहेत.